रागीच्या नावावर

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. आमचे हे म्हणतात, सुलभा, तुझं डोकं कुकरसारखं आहे, तीन शिट्ट्या झाल्याशिवाय गार होत नाही. म्हणू देत. पण त्या वर्षी चंपाषष्ठीच्या आधी दोन आठवडे पावसानं नुसता उच्छाद मांडला होता, तेव्हा मी जी वरखाली पळाले, तशी जन्मात पळाले नव्हते. आणि कशासाठी, तर खालच्या घरमालकिणीच्या कुत्र्यानं शू कुठे करावी यासाठी!

घरमालकीण म्हणजे सकवारअक्का. गवीपुरममध्ये देवळामागच्या गल्लीत त्यांचं घर. खाली ती दोघं, वर आम्ही दोघं. ह्यांची सरकारी संशोधन संस्थेत नोकरी होती म्हणून आम्ही साताऱ्याहून बंगळुरूत आलो आणि रिटायर झाल्यावर इथेच चिकटलो. अक्कांचं घराणं मात्र शहाजीराजांच्या वेळेपासून इथलं. त्यांचं मराठी ऐकून पहिलं वर्षभर मला हसू यायचं. दर वाक्याच्या शेपटाला ‘की’, आणि मध्येच ‘स्वल्प थांब’, नाही तर बरं बरं म्हणायला ‘सरी सरी’. पुढे मीच तसं बोलायला लागले आणि साताऱ्याच्या माझ्या बहिणी मला हसायला लागल्या.

बाई कशी, तर ताठ. सतराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आल्या, चाळीस वर्षं गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवली, आणि कुणाकडे वाटीभर साखरसुद्धा मागितली नाही. ताप आला तरी ‘काय नाही, उन्हात गेले होते’ म्हणतील, ऊन नसलं तरी. आणि सोवळं इतकं, की पायरीवर रस्त्यावरचं कुत्रं झोपून गेलं तर ती पायरी दोन बादल्या पाण्यानं धुतल्याशिवाय आत जायच्या नाहीत.

नवरा खंडोजीअण्णा. चौतीस वर्षं सिटी बस चालवली. बोलणं मोजकं. रोज सकाळी पांढरंशुभ्र धोतर, वर कोट, आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्यानं अर्धी कॉफी. जाता-येता सगळी गल्ली ‘खंडोजण्णा, नमस्कार’ म्हणणार आणि हे मान हलवणार. तेवढं झालं की त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

तर अशा घरात दसरा झाल्यावर एके दिवशी कुत्र्याचं पिल्लू! मी जिन्यातच उभी राहिले. नाचणीच्या उकडीसारखा रंग, पोट जमिनीला टेकलेलं, कान एक उभा एक आडवा. नाचणीला इथे रागी म्हणतात, म्हणून नावही रागी. “अक्का, तुम्ही आणि कुत्रं?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “खंडोबानं सांगितलं की, ठेव म्हणून. त्याचंच कुत्रं.” त्यांचं कुलदैवत खंडोबा, देवाला कुत्रं प्रिय, तेव्हा मी आपली जिना चढून वर आले.

पण पिल्लू पाळणं आणि पिल्लू वळणावर आणणं यात फरक आहे. हे पिल्लू घरभर करायचं. विशेषतः देवघरासमोरच्या बोळात, आतल्या खोलीतून न्हाणीघराकडे जायच्या वाटेवर. दिवसातून दोनदा तरी खालून अक्कांचा आवाज चढायचा, “ए सैतान! परत केलंस?” आणि मग फडक्याचा फटक फटक आवाज. मी वर पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि माझंच डोकं तापायचं. पिल्लाला नुसतं ओरडून काय होतंय? माझे वडील जिल्हा परिषदेच्या गुरांच्या दवाखान्यात होते. कुत्र्यांचं मला कळतं.

मग एका रविवारी गिरीराज आला. अक्कांचा मुलगा, विमानतळावर मालवाहतुकीच्या विभागात सुपरवायझर, शहराबाहेर देवनहळ्ळीला नव्या लेआउटमध्ये नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतलेला. मुलगा चांगला आहे हो, काळजी करणारा. आला, देवाला नमस्कार करायला गेला, आणि त्या बोळात पाय सटकन घसरला. दाराची चौकट हाती लागली म्हणून वाचला. जे काही बोलला ते मी जिन्यात उभी राहून सगळं ऐकलं. चोरून नाही, मी वरण द्यायला चालले होते.

“अम्मा, आज मी होतो. उद्या अप्पा पडले तर? खुब्याचं हाड मोडलं तर कोण उचलणार? चंपाषष्ठीला तळी भरायला येईन, तोपर्यंत बघतो. कुत्रं तोवर शिकलं तर राहा इथे खुशाल. नाही शिकलं तर कुत्रं देऊन टाकायचं आणि तुम्ही दोघं माझ्याकडे चलायचं. मी ऐकणार नाही आता.”

अण्णा आतल्या खोलीच्या दारात उभे होते. त्यांचा चेहरा मी पाहिला. आदल्या वर्षी त्यांना आठ दिवस देवनहळ्ळीला ठेवलं होतं. आठ दिवस खिडकीशी उभे राहून खालच्या बसचे नंबर वाचत होते, आणि नवव्या दिवशी कुणाला न सांगता, पिशवी घेऊन त्याच बसनं परत आले. या घरातून त्यांना हलवलं तर ते जगणार नाहीत, हे गल्लीतल्या कुणीही सांगितलं असतं.

मी आत गेले, वरणाचं भांडं ठेवलं आणि म्हटलं, “अक्का, सोडा माझ्यावर. चंपाषष्ठीला तेरा दिवस आहेत. मी शिकवते याला.”

अक्कांना आनंद व्हायला हवा होता. त्या म्हणाल्या, “कशाला की तुला त्रास? लहान आहे, शिकेल सावकाश.” मला वाटलं, नेहमीचाच ताठा. कुणाचे उपकार नकोत. मी म्हटलं, त्रास कसला, आणि पिल्लाच्या गळ्यात दोरी बांधली.

दुसऱ्याच दिवशी पाऊस लागला. बंगालच्या उपसागरात काही तरी झालं की त्याचं सगळं इथे येऊन पडतं. धो धो नाही, तर दिवसरात्र पिरपिर, वर गारठा. कपडे वाळेनात, भिंतींना ओल, आणि मी दर तासाला जिना उतरतेय. उठल्याबरोबर, खाल्ल्यावर, झोपून उठल्यावर, खेळून झाल्यावर, पिल्लाला बाहेर न्यायचं असतं. नेलं. अंगणाच्या कडेपर्यंत रागी ऐटीत आला. नाकावर एक थेंब पडला. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच वरून पाणी टाकतेय, आणि फिरला मागे!

मग छत्री. मी भिजतेय, छत्री कुत्र्यावर. समोरचे नागराज गॅलरीतून कन्नडमध्ये विचारतात, “काय मेडम, कुत्र्याला सर्दी होते?” अंगाचा तिळपापड झाला. रागी छत्रीखाली बसला, कान खाजवला, गवत हुंगलं, माझ्या चपलेचा पट्टा चावला. वीस मिनिटं. केलं काही नाही. घरात आणलं तसा सरळ देवघरासमोरच्या बोळात गेला आणि पाय फाकवून मोकळा झाला. मी तिथेच कपाळावर हात मारून घेतला.

एक दिवस असं, दोन दिवस असं, पाच दिवस असं. माझा जीव थाऱ्यावर राहीना. भाजी चिरताना कान खाली, टीव्ही बघताना कान खाली. हे म्हणाले, “अगं, बस की जरा.” मी म्हटलं, “तुम्ही बसा. त्या माणसाला नवव्या मजल्यावर नेऊन टाकतील, मग बसून बसून काय करणार आहात?” ह्यांनी वर्तमानपत्रात तोंड घातलं. मी घड्याळ बघितलं आणि पुन्हा जिना उतरले.

सातव्या दिवशी मला कळलं. बोळ ओला होता, अक्का नेहमीप्रमाणे ओरडून पुसत होत्या, आणि पुसून झाल्यावर त्यांनी देवघराच्या फळीवरची बाटली काढली, ओंजळीत ओतली आणि त्या जागेवर शिंपडली.

“हे काय शिंपडताय?”

“गोमूत्र. देवासमोरची जागा की. शुद्ध नको करायला?”

“रोज शिंपडता?”

“दर वेळी.”

हात्तिच्या! अहो, कुत्रं नाकावर चालतं. जिथे मुताचा वास, तिथे आपली जागा, एवढंच त्याला कळतं. मग तो वास गाईचा असो नाही तर आणखी कुणाचा. मी सात दिवस छत्री धरून पावसात उभी, आणि इकडे या बाई रोज दोनदा त्याला जागा दाखवून देतायत, ये बाबा, इथे कर! मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, “अक्का, उद्यापासून शुद्ध करायचं तर गंगाजल वापरा. ही बाटली माझ्याकडे द्या.”

जिन्याखाली एक कोरडा कोपरा होता. तिथे ह्यांच्याकडून निवडणुकीचं एक जुनं फ्लेक्स बांधून घेतलं, म्हणजे पाऊस आत यायला नको. खाली गोणपाट, त्यावर माती, आणि मातीवर गोमूत्र. रागीला नेलं. त्यानं हुंगलं. गोल फिरला एकदा, दोनदा. आणि केलं! मी इतक्या जोरात “शाब्बास” म्हटलं की नागराज पुन्हा गॅलरीत आले. लगेच बिस्किट. पुन्हा तासानं नेलं, पुन्हा केलं. तिसऱ्या दिवशी तर तो स्वतःच दाराशी जाऊन कुंई कुंई करायला लागला. बाहेर पिरपिर चालूच होती, पण हा गडी कान पाडून अंगणातून धावत जिन्याखाली जायचा, काम उरकायचा, आणि धावत येऊन बिस्किटासाठी माझ्या पुढ्यात बसायचा.

मधल्या काळात खंडोबाचं नवरात्र बसलं होतं. अक्कांच्या देवघरात घट, अखंड दिवा. मी ऐटीत खाली जाऊन म्हटलं, “अक्का, देव पावला. शिकला तुमचा रागी.” त्या वाती वळत होत्या. “होय?” म्हणाल्या आणि वळतच राहिल्या. मला रागच आला. एवढं केलं, एक बरा शब्द नाही!

तो बुधवार. गुरुवारी सकाळी मी रागीला वर आमच्याकडे घेऊन आले होते, जिना चढायची सवय व्हावी म्हणून. तास-दीड तास तो ह्यांच्या पायाशी झोपला. उठला तसं त्याला उचललं, जिन्याखाली नेऊन आणायला. खाली आले तर अक्कांचं दार अर्धं उघडं, आणि आतून आवाज,

“ए सैतान! परत केलंस? ए रागी! लाज नाही वाटत? देवाचा दिवा लागलाय आणि तू...”

मी दारात उभी. रागी माझ्या कडेवर. आपलं नाव ऐकून त्यानं शेपटी हलवली.

अक्का गुडघ्यांवर बसून बोळ पुसत होत्या. पुसता पुसता मान वर झाली. त्यांनी मला बघितलं, मग माझ्या कडेवरच्या कुत्र्याला बघितलं. फडकं हातातच राहिलं. आत न्हाणीघराचं दार बंद होतं आणि कुणी तरी धोतर धुत असल्याचा आवाज येत होता. हळूहळू, दमादमानं धुणं चाललं होतं.

मला माझ्या मेलीला तेव्हा कुठे कळलं. सगळं एकदम कळलं.

“दार लाव की,” अक्का म्हणाल्या. मी लावलं आणि तिथेच पाटावर बसले.

“कधीपासून, अक्का?”

“दसऱ्याच्या आधीपासून. न्हाणीघरापर्यंत पोचत नाहीत वेळेवर. कधी पोचतात, कधी नाही.”

“डॉक्टर?”

“जात नाहीत. काय सांगू म्हणतात. चौतीस वर्षं शंभर माणसांची बस चालवली, आता हे सांगू? तुला कळतंय की नाही?” त्या हळूच बोलत होत्या, आत ऐकू जाऊ नये म्हणून. “दसऱ्याला गिरीराज आला होता, तेव्हा घरात कुत्रं नव्हतं. त्यानं विचारलं, अम्मा, इथे ओलं कशानं? माझ्या तोंडून निघून गेलं, कुत्र्यानं केलं. तो म्हणाला, कुठलं कुत्रं? मी म्हटलं, आणलंय एक, बाहेर गेलंय फिरायला. मग काय करणार? दुसऱ्या दिवशी देवळामागं गेले आणि आणलं.”

म्हणजे आधी खोटं आणि मग कुत्रं! इतर वेळी मी हसून हसून लोळले असते. तेव्हा माझ्या डोळ्यांतून टपाटपा पाणी यायला लागलं. आणि मी! मी शहाणी, दोन आठवडे रक्त आटवून त्या बाईचं एकुलतं एक पांघरूण ओढून काढलं होतं. कुत्रं शिकलं, म्हणजे आता जे ओलं दिसेल ते अण्णांचंच.

“सुलभा,” अक्कांनी माझा हात धरला. अकरा वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. “याला परत बिघडव.”

“काय?”

“शनिवारी तो येतो. कुत्रं लहान आहे, अजून दोन महिने दे म्हणून मी हातापाया पडेन, तो देईल. पण ह्यांचं कळलं तर एक दिवस देणार नाही. त्याच दिवशी गाडीत घालून नेईल. सुनेसमोर, तिच्या आईसमोर, त्या नवव्या मजल्यावर... ते लाजेनंच जातील की गं.”

मग काय, शुक्रवारी आम्ही दोघी म्हाताऱ्या मिळून एका पिल्लाला बिघडवायला बसलो. दार लावून घेतलं. बोळात पुन्हा गोमूत्र शिंपडलं. त्याला वाटीभर ताक पाजलं. आणि बसलो समोर. रागीनं बोळ हुंगला, आमच्याकडे बघितलं आणि जाऊन दाराशी बसला. कुंई कुंई सुरू. अर्धा तास झाला. दार खरवडायला लागला. मी म्हटलं, “कर रे बाबा, इथेच कर, कर माझ्या राजा.” तो थरथरतोय, पाय आवळून धरतोय, पण घरात करायला तयार नाही. बाहेर पाऊस, आत हा रडतोय, अक्का पदर तोंडाला लावून बसलेल्या. शेवटी मला ते बघवेना. मी दार उघडलं. बाणासारखा सुटला आणि पावसातून सरळ जिन्याखाली. आणि मेला परत येऊन बिस्किट मागतोय!

त्या दिवशी मला घास गेला नाही. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “गिरीराजला सांगून टाकावं.” मी म्हटलं, “खबरदार! अण्णांनी स्वतः सांगितलं नाही ते तुम्ही कोण सांगणारे?” बोलले खरी, पण तेच बरोबर आहे की काय, असं सारखं वाटत राहिलं. उभी राहिले तर बसावंसं वाटे, बसले तर उठावंसं.

शनिवारी चंपाषष्ठी. सकाळपासून खालून भरताचा आणि कांद्याच्या पातीचा वास. अकराला गिरीराज आणि त्याची बायको चंदना आली. तळी उचलायला पाच पुरुष लागतात. अण्णा, गिरीराज, आमचे हे, अक्कांचे चुलतभाऊ पिराजीमामा, आणि मराठीचा गंध नसला तरी दर वर्षी हौसेनं येणारे नागराज. अण्णा कडक इस्त्रीचं धोतर नेसून पाटावर बसले होते, पाठ ताठ. सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतलेला नव्हता, हे अक्कांनी मला स्वयंपाकघरात सांगितलं.

“काय आंटी, आमचं कुत्रं पास की नापास?” गिरीराजनं मला विचारलं.

मी आयुष्यात तोंडावर खोटं बोललेली नाही. जे असेल ते फाडकन सांगायचं, मग समोरचा रागावला तरी चालेल. त्या दिवशी म्हटलं, “अजून कच्चा आहे रे. पावसामुळे जमेना. थोडे दिवस दे.”

आणि नेमका त्याच वेळी तो मुडदा रागी उठला, दाराशी गेला, कुंई कुंई केलं. चंदनानं कौतुकानं दार उघडलं. पावसातून जिन्याखाली, काम, परत, आणि माझ्या पुढ्यात बैठक. सगळ्यांसमोर.

“अहो, शिकलाय की!” गिरीराज टाळी वाजवून हसला. “आंटी, तुम्ही पण! अम्मा, ठीक आहे मग. मी शब्द दिला होता. राहा तुम्ही इथेच.”

अक्कांनी भिंतीला हात टेकला. अण्णांनी पहिल्यांदाच मान वर करून मुलाकडे बघितलं. मी देवाकडे बघून म्हटलं, आजचा दिवस निभावून ने रे बाबा, बाकी उद्याचं उद्या.

घोंगडी अंथरली. ताटात विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या, भंडारा. देवाच्या कुत्र्यासाठी नैवेद्याचं पान वेगळं वाढलेलं आणि रागी त्याच्याकडे टक लावून अण्णांच्या अगदी पायाशी बसलेला. पाच जण बसले, ताटाला हात लावले. तळी भरताना खालून उठत ताट कपाळापर्यंत उचलायचं असतं, तीनदा. अण्णांनी आवाज दिला, “येळकोट येळकोट!” बाकीचे म्हणाले, “जय मल्हार!” एकदा ताट वर गेलं. दुसऱ्यांदा अण्णा उठता उठता मध्येच थांबले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. ताट खाली आलं.

फरशीवर, घोंगडीच्या कडेनं, ओघळ चालला होता. रागी उठून तो हुंगायला गेला.

“ए सैतान!” अक्का ओरडल्या. सवयीनं, दोन महिन्यांच्या सवयीनं. पण आवाज फाटला होता. “ए रागी, मेल्या, आज देवासमोर...”

“म्हणजे मघाचं नाटकच होतं!” गिरीराजचा पारा चढला. त्यानं पिल्लाला मानेला धरून उचललं. “तळीच्या वेळी? पुरे झालं हे!” पिल्लू केकाटलं. गिरीराजचा हात वर गेला.

“गिऱ्या. हात खाली घे.”

अण्णा बोलले. मोठ्यानं नाही.

“त्याला सोड. ते माझं आहे.”

“अहो...” अक्का पुढे झाल्या.

“सकवार, पुरे आता.” अण्णांची नजर मुलावर होती. “दसऱ्याच्या आधीपासून होतंय हे. सगळं माझं. दोन महिने हे बिचारं माझ्या वाटच्या शिव्या खातंय आणि मी आत बसून ऐकतोय. शिव्यांपर्यंत ऐकलं. आज देवाच्या दिवशी देवाच्या कुत्र्याला माझ्यापायी मार पडला, तर मी तळीला हात कसा लावू?”

नागराजना शब्द कळले नसतील, पण त्यांनी मान खाली घातली. आमच्या ह्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. गिरीराजनं रागीला हळूच खाली ठेवलं.

“मला सांगायचं ना, अप्पा.”

“तुला कसं सांगू? तू माझा मुलगा आहेस.”

गिरीराज चाळीस-बेचाळीसचा बाप्या, पण हनुवटी लहान पोरासारखी हलत होती. अण्णाच पुढे बोलले, “सोमवारी डॉक्टरकडे येतो तुझ्याबरोबर. काय विचारतील ते सांगेन. पण या घरातून मला हलवू नको.”

गिरीराजनं डोळे पुसले. “नाही हलवत,” म्हणाला. मग अक्कांच्या हातातलं फडकं घ्यायला गेला. अक्का देईनात. “तू नको रे, तू नको, मी करते की,” म्हणत त्यांनी ते छातीशी धरून ठेवलं. त्यानं जोर केला नाही. नुसता हात पुढे करून उभा राहिला, त्या सोडेपर्यंत. मग गुडघ्यांवर बसून फरशी पुसली, हात धुतले, आणि अण्णांना आत नेऊन धोतर बदलून बाहेर घेऊन आला.

पिराजीमामांनी घोंगडी सरकवून कोरड्या जागी अंथरली. पाच जण पुन्हा बसले. तळी पहिल्यापासून उचलायची ठरली. अण्णांनी श्वास घेतला आणि आवाज दिला, बस स्टॉपच्या पार टोकाला ऐकू जाईल असा. गिरीराजचा उजवा हात ताटाला होता आणि डावा अण्णांच्या कमरेला. तीनदा ताट वर गेलं, तीनदा येळकोट झाला, आणि फरशी पुन्हा ओली झाली का, ते कुणी खाली वाकून बघितलं नाही.